उपाशीपोटी

सकाळी सव्वासहा. नेरूळ, सेक्टर अठरा,
सिडकोचा जिना, लिफ्ट कधी नव्हतीच.
खांद्याला सॅम्पलची पेटी, पेटीत बर्फाची वडी,
आणि अंगठ्याखाली
उत्तरेचा सरदार, जो बाराव्या एपिसोडपासून
हसू की नको करतोय.

मी जिन्यातच वाचते. दुसरीकडे वेळ कुठे.
एका मजल्याला साधारण एक भांडण,
दोन मजल्यांना एक गैरसमज,
चौथ्यावर पोचेपर्यंत
त्याने तिचं मनगट धरलेलं असतं.

हे एक मला कळत नाही.
ती जायला निघाली की धर मनगट.
मेजवानीत धर, तबेल्यात धर,
घटस्फोटाच्या कागदावर सही करताना धर.
अरे, मी दिवसाला बावीस हात धरते,
आधी विचारून.
"मूठ आवळा. मुंगी चावल्यासारखं होईल. दुखलं तर सांगा."
एवढं त्या सरदाराला कुणी शिकवलं असतं
तर माझे चाळीस एपिसोड वाचले असते.

रात्री मात्र ते दुसरं: भिंतीपलीकडचा भाडेकरू.
करावे गावातली आमची खोली, दिवा मालवलेला,
शेजारी आत्या घोरतेय.
स्क्रीनवर आधी काळं. मग आणखी काळं.
अंगठा ओढत राहायचा,
विहिरीत पोहरा सोडावा तसा,
आणि तळाशी एकदम
डोळा.
मी ओरडले. आत्या झोपेतच म्हणाली, "झुरळ?"
"हो," म्हटलं. काय सांगणार.

तेव्हापासून एक झालंय.
बेल वाजवून उभी राहिले
की दाराच्या भोकाकडे बघवत नाही.

रक्त मात्र त्या चित्रकाराला जमत नाही.
लालभडक काढतो, हळदीकुंकवातल्या करंड्यासारखं.
शिरेतलं रक्त गडद असतं रे बाबा,
पिकल्या जांभळाकडे झुकणारं.
नळी भरताना काचेतून बोटाला ऊब लागते.
ती ऊब कुणी काढलेली
मी अजून पाहिली नाही.

चारशे दोनमध्ये कुमुदिनी गद्रे.
वय एकाहत्तर, साखर जेवणाआधीची आणि नंतरची.
एकदा सुई आत असतानाच त्यांनी
माझ्या खिशातून डोकावणारा फोन बघितला.
"कितव्यावर आहेस? पासष्ट?
अगं, भाडेकरूने नाही मारलं. ती दूधवाली बघ."
माझा हात हलला नाही, हे माझं कौशल्य.

त्या पेन्शनीतून नाणी विकत घेतात,
तीन एपिसोड पुढे असतात माझ्या.
मुलाला सांगितलंय, औषधांचं ॲप आहे.
मी बुधवारची, फुकटातली.

मागच्या महिन्यात साखर दोनशे चाळीस.
"काय खाल्लंत?"
म्हणाल्या, "तिने अंगठी त्याच्या तोंडावर फेकली ना,
मग मी दोन पेढे खाल्ले.
आमच्या वेळी फेकायची सोय नव्हती."
आणि बाही खाली ओढून घेतली,
बटण लावायला जरा जास्तच वेळ लावला.
मी विचारलं नाही.

या बुधवारी एपिसोड आला नाही.
नुसती पांढरी पट्टी, खाली एक ससा,
पंजाला बँडेज.
"मनगट दुखावलंय. तीन महिने चित्र काढू नका म्हणालेत.
माफ करा."

आधी शिवी दिली, खरं सांगते.
मग तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या पायरीवर
पेटी टेकवून उभी राहिले.
शेवटचं चित्र परत वर ओढून बघितलं:
सरदाराने हात पुढे केलाय,
त्याची बोटं आणि तिचं मनगट
यांच्यात दोन बोटं जागा.
तीन महिन्यांची.
कुठल्या देशात, कुठल्या खोलीत, कुणाचा हात
टेबलावर उशीवर ठेवलेला असेल आत्ता,
गरम पाण्याच्या पिशवीखाली.
बाई की बाप्या, तेही ठाऊक नाही.

गद्रेबाईंनी दार उघडलं, बाही आधीच वर.
"कळलं?"
"कळलं."
"माझी नाणीही वाया," म्हणाल्या,
आणि हात पुढे केला.

सुई काढल्यावर कापूस दाबून धरला,
नेहमीपेक्षा जरा जास्त.
त्याही काही बोलल्या नाहीत.

पुढचं घर सेक्टर वीस, तळमजला.
वाचायला जिनाच नाही.